दहावीचा ग्रुप आणि माझी एक ओळ



गेल्या वर्षीच्या क्षमावाणीची गोष्ट. अनंत चतुर्दशीचा उपवास झाला होता, दुसऱ्या दिवशी पारणं. मंदिरातून आले, मुगाचं कढण गॅसवर ठेवलं आणि ते उकळेपर्यंत फोन हातात घेतला. आमच्या दहावीच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल, मन दुखावलं असेल, तर क्षमा असावी. कुणाच्या चित्रात कमळ, कुणाच्या चित्रात दिवा. वर्गातल्या जैन नसलेल्या मुलांनीही पाठवली होती, त्याचं कौतुक वाटलं. मीही एक बरंसं चित्र निवडलं आणि पाठवून दिलं.

आपलं कुणी कुणी वाचलं ते बघायची मला खोड आहे. बघता बघता लक्षात आलं की एक नाव यादीत नाही. नसणारच, कारण ती चार महिन्यांपूर्वीच ग्रुप सोडून गेली होती. आणि ती का गेली हे त्या सत्तेचाळीस जणांत मला सगळ्यात चांगलं माहीत होतं.

म्हणजे मी ज्यांचं काही वाईट केलं नव्हतं, त्या सगळ्यांची क्षमा मागून झाली. जिचं केलं होतं, तिच्यापर्यंत ती पोचायची सोयच नव्हती.

कढण उतू गेलं. आज लिहितेय ते या एका गोष्टीमुळे. तुमच्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये शाळेचा असा एक ग्रुप असेल, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची शाळा कृष्णाकाठच्या एका गावातली. आमची दहावी १९८७ सालची. वर्गात एकसष्ट जण, त्यात मुली एकोणीस. ग्रुप काढायचं ठरलं तेव्हा मुलं आठवड्याभरात सापडली. नाव तेच, गाव बऱ्याच जणांचं तेच, नाहीतर भाऊ तरी गावात. मुली सापडायला वर्ष गेलं. आडनावं बदललेली, काही जणींची तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. एकीला आम्ही तिच्या माहेरच्या नावाने शोधत होतो, आणि ती तीन वर्षं माझ्या नणंदेच्या शेजारी राहत होती! दुसरी सापडली ती गावातल्या मंदिराच्या पंचकल्याणक पूजेच्या पंगतीत. पानावरून मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू ती फळा पुसणारी ना?" छत्तीस वर्षांनी मला कुणीतरी फळा पुसणारी म्हटलं. घरी येईपर्यंत मी हसत होते.

एकोणीसपैकी बारा जणी मिळाल्या. दोघी वारल्याचं कळलं. पाच जणी अजून सापडायच्या आहेत.

या ग्रुपने मला आनंद दिला नाही असं म्हणाले तर ते खोटं होईल. दुपारी भांडी आवरून बसलं की तिकडे गप्पा सुरू असायच्या. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा, तो वाजवायला मुलांची भांडणं. रस्त्याने जाणाऱ्या उसाच्या गाड्यांमागे पळून ओढलेले ऊस, आणि त्या गाडीवानाने शाळेत येऊन केलेली तक्रार. वह्यांना घातलेली खाकी कव्हरं. नदीला पाणी आलं की मिळणारी सुट्टी, आणि पाणी उतरल्यावर वर्गात राहिलेला चिखल आम्ही मुलींनी झाडायचा. (मुलं पाणी आणून द्यायची, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.) आमच्या डब्यात पर्युषणात हिरवी भाजी नसायची, म्हणून बाकीच्या मुली आपणहून त्यांच्या डब्यातला मोडाचा मूग बाजूला काढून विचारायच्या, "हे चालतं का गं तुला?" कुणी शिकवलं होतं त्यांना? कुणीच नाही.

या आठवणींत माझ्या बाकावरची मैत्रीण वारंवार यायची. वर्गात पहिली असायची ती. गणिताचे सर एखादं उदाहरण फळ्यावर अर्धं लिहायचे, तेवढ्यात तिचं उत्तर वहीत तयार असायचं. मुलं ग्रुपवर लिहायची, "ती म्हणजे आपल्या वर्गाची शान", "ती शिकली असती तर आज कलेक्टर असती." ती काही उत्तर द्यायची नाही. कधीतरी एक हसरा चेहरा टाकायची, बस्स.

शिकली असती तर. या शब्दांवरून आम्ही किती सहज पुढे जात होतो! ती का शिकली नाही हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं, मला होतं. कॉलेज जयसिंगपूरला, एसटी दिवसातून दोनदा, घरात तिच्या पाठच्या दोन बहिणी. दहावीच्या निकालानंतर तिच्या आईने पेढे वाटले आणि दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं. सतराव्या वर्षी ती इचलकरंजीला यंत्रमागवाल्या घरात गेली. ज्या दिवसांना आम्ही सोन्याचे दिवस म्हणत होतो, ते तिच्यासाठी दार बंद होण्याच्या आधीचे शेवटचे दिवस होते. आमच्यासाठी ती गोड आठवण होती, तिला तो हिशेब रोज कुणीतरी नव्याने मांडून दाखवत होतं.

तरी ती ग्रुपवर होती. सकाळी सगळ्यांना जय जिनेंद्र लिहायची.

मग गेल्या वर्षी वैशाखात एका दुपारी वर्गातल्या एकाने लिहिलं, "तिच्या मिस्टरांचे माग बंद पडले असं ऐकलं, खरं आहे का?" तिचं नाव घेऊन लिहिलं. ती ग्रुपमध्येच आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं की होतं, देव जाणे. मनाने वाईट नाही तो. काळजीनेच विचारलं असणार.

आणि मी, तिच्या बाकावरची, पोळ्या लाटता लाटता हात पुसून उत्तर लिहिलं, "हो रे. राहतं घरही विकलं म्हणे. तिची आई मला परवा मंदिरात सांगत होती."

ही माझी एक ओळ.

तिच्या आईने मला ते मंदिराच्या पायरीवर सांगितलं होतं, डोळ्याला पदर लावून. मी तिची मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. मी ते उचललं आणि सत्तेचाळीस माणसांपुढे ठेवलं. का? आज विचार केला तर उत्तर लाजिरवाणं आहे. मला माहीत होतं आणि बाकीच्यांना नव्हतं, एवढंच. त्या क्षणी बातमी माझ्याकडे होती, आणि ती हातात असताना आपण जरा मोठ्या झाल्यासारखं वाटतं.

मग सुरू झालं. अरेरे. बापरे. रडके चेहरे. हात जोडलेले. "इतकी हुशार मुलगी, काय नशीब." एकाने लिहिलं, वर्गणी काढू या. दुसऱ्याने विचारलं, नेमकं कर्ज किती आहे. तिसऱ्याने आपला किती अंदाज आहे ते लिहिलं. तेवीस उत्तरं आली, मी नंतर मोजली. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून फोन बघितला, तर शेवटची ओळ होती की तिने ग्रुप सोडला. कुणाला काही म्हणाली नाही. त्याखाली दहा मिनिटांनी कुणीतरी आंब्याच्या झाडाखालचा वर्गाचा जुना फोटो टाकला आणि गप्पा पुन्हा रुळावर आल्या.

आपल्याकडे प्रवचनात प्रमादाचे पंधरा भेद सांगतात. चार विकथा, चार कषाय, पाच इंद्रियं, निद्रा आणि स्नेह. लहानपणापासून मी ही यादी ऐकत आले. विकथा म्हणजे रिकामटेकड्या गप्पा, त्या वाईट, हे कळायचं. निद्रा वाईट, हेही कळायचं. पण शेवटी स्नेह का, हे मला कधी उमगलं नव्हतं. स्नेह तर चांगला! मुनींच्या साधनेत अडसर होतो म्हणून सांगितलं असेल, आपला काय संबंध, असं म्हणून मी सोडून द्यायची.

या प्रसंगानंतर ती यादी पुन्हा आठवली. प्रमाद म्हणजे असावधपणा. आमच्या ग्रुपवर दोनच गोष्टी चालतात, बातम्या आणि आठवणी. बातमीत विकथा येते, आठवणीत स्नेह येतो, आणि दोन्हीकडे सावधपणा सुटतो. आठवणीच्या स्नेहात आम्ही तिला पंधरा वर्षांची, दोन वेण्यांची करून ठेवलं होतं. बातमीत तिला एक विषय केलं. आज त्रेपन्न-चोपन्न वर्षांची, कर्जाचे हप्ते मोजणारी, गुडघे दुखणारी बाई या दोन्हींत कुठेच नव्हती. शास्त्रात एकाच यादीत या दोन गोष्टी का असाव्यात हे मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं. पंडितजी याचा याहून खोल अर्थ सांगतील. मला कळला तो एवढा.

यावर उपाय म्हणून ग्रुपच नको, असं काही मैत्रिणी म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात गेली. तेव्हा आमचा हाच ग्रुप होता, मुली जेमतेम चार होत्या त्यात. त्या आठवड्यातले संदेश मी परवा काढून वाचले. कुणाकडे ट्रॅक्टर आहे. कुणाच्या बंगल्याचा वरचा मजला रिकामा आहे. अमक्याच्या वडिलांची इन्सुलिन संपली आहे, सांगलीकडून कोण येतंय. जनावरांना वैरण कुठे मिळेल. आम्ही मुलींनी घराघरांत भाकऱ्या थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि आमच्यातल्या वयस्कर मंडळींसाठी लसूण न घातलेली वेगळी बांधली, तर एका मुस्लिम वर्गमित्राने त्या पिशवीवर खडूने खूण केली, चुकून दुसरीकडे जाऊ नये म्हणून. त्या सगळ्या आठवड्यात एकही 'अरेरे' सापडलं नाही मला. लिहायला वेळच नव्हता कुणाला.

तेव्हाही आम्ही एकमेकांची बातमीच सांगत होतो. फरक एवढाच होता की तेव्हा बातमीच्या मागोमाग माणूस निघत होता. वैशाखातल्या त्या दुपारी तेवीस जणांपैकी एकही तिच्या दारात गेला नाही. तिचं घर माझ्या घरापासून एसटीने तासाभरावर, आणि मीही गेले नाही.

रत्नकरंडक श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत. त्यातलं पाचवं उपगूहन आणि सहावं स्थितिकरण. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचं उणं झाकणं, स्थितिकरण म्हणजे डळमळलेल्याला सावरणं. प्रत्येक अंगाला एकेका व्यक्तीचं उदाहरण आहे. उपगूहनाला जिनेंद्रभक्त शेठजींचं. त्यांच्या घरच्या चैत्यालयातलं रत्न एका चोराने क्षुल्लकाचा वेष घेऊन पळवलं. पहारेकऱ्यांनी त्याला पकडलं, तेव्हा चारचौघांत शेठजी म्हणाले, त्याला सोडा, ते रत्न मीच आणायला सांगितलं होतं. नंतर एकांतात त्याला खडसावलं आणि घालवून दिलं.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी पाठशाळेत ऐकली आहे. चोराचंही उणं चव्हाट्यावर न नेणारे शेठजी आपल्याला पूज्य. आणि माझ्या मैत्रिणीने तर काही चोरलं नव्हतं. सुताचे भाव, विजेचं बिल, थकलेली येणी, यांत एक चालतं घर बसलं. यात झाकण्यासारखा दोष कुठला? तरीही ते तिचं होतं. कधी, कुणाला, किती सांगायचं हे ठरवायचा हक्क तिचा होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ होईल. उपगूहनाच्या नावाखाली आपल्या समाजात नको ते झाकलं जातं. सुनेला मारहाण झाली, बहिणीच्या वाटणीची जमीन परस्पर लिहून घेतली, की वडीलधारे म्हणतात, घरातली गोष्ट घरात राहू दे. हे उपगूहन नाही. शेठजींनी स्वतःचं नुकसान झाकलं, दुसऱ्या कुणावर चाललेला अन्याय नाही झाकला. एखादी मार खात असेल तर ते सांगायचं, ओरडून सांगायचं, आणि पोलिसातही सांगायचं. मी बोलतेय ते दुःखाबद्दल आणि अडचणीबद्दल. कुणाचं आजारपण, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न, कुणाच्या मुलाची गेलेली नोकरी. ज्यात गुन्हेगार कुणीच नाही, फक्त एक अवघडलेलं माणूस आहे.

"पण बातमी कळली नाही तर मदत कशी होणार?" हा प्रश्न मला माझ्या यजमानांनीच विचारला. रास्त आहे. त्याचं उत्तर सहाव्या अंगात आहे असं मला वाटतं. स्थितिकरणाचं उदाहरण वारिषेण मुनींचं. त्यांचा लहानपणीचा मित्र पुष्पडाल. मित्राच्या भिडेने तोही मुनी झाला, पण मन घराकडे, बायकोकडे. बारा वर्षं गेली तरी ओढ सुटली नाही. वारिषेणांनी ते ओळखलं. त्यांनी संघात त्याची चर्चा केली नाही. त्याला बरोबर घेतलं, आपल्या स्वतःच्या राजवाड्यात नेलं, आपण काय सोडून आलो ते त्याला दाखवलं, आणि पुष्पडालाचं मन आपोआप स्थिर झालं. बघा, मित्रच आहेत दोघं. बालपणीचे मित्र. मित्राचं डळमळणं मित्राला कळलं, तेव्हा तो त्याच्याबरोबर चालत गेला.

शाळेचं नातं म्हणजे खरं तर काय, याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, आपल्या बाहुबलीच्या डोंगराजवळचे. १९१९ साली त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातीची मुलं एका पंगतीत जेवायची. एकदा धान्य संपलं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मुलांना उपाशी ठेवायचं नाही म्हणून मंगळसूत्र काढून दिलं. एका जैन घरातल्या बाईने, त्या काळात, कुणाच्या तरी मुलांच्या भाकरीसाठी. आपण दरवर्षी जयंतीला हार घालतो आणि ही गोष्ट भाषणात ऐकतो. त्यांच्या संस्थेच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या शाळांतून आपण शिकलो. त्या शाळांची आठवण काढायची तर रुळाच्या घंटेची काढावीच, पण या भाकरीचीही काढावी.

आता पुढचं सांगते. क्षमावाणीनंतर आठ दिवस मी टाळाटाळ केली. फोन करावा का, की पत्र लिहावं, की आता जाऊच द्यावं, तिला विसर पडला असेल. विसर पडला असेल, हे आपण नेहमी दुसऱ्याच्या वतीने ठरवतो. शेवटी एका गुरुवारी एसटीत बसले.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर. दारात चपलांची नीट ओळ. आत मोठ्या परातीत कणीक मळलेली. ती पोळ्यांच्या ऑर्डरी घेते आता. आपल्या काही घरांतल्या म्हाताऱ्या माणसांचे डबे, पाणी गाळून, कंदमूळ न घालता, दिवस मावळायच्या आत पोचवते. मला बघून उठली नाही, "बैस" म्हणाली. मी बसले. माझ्याकडे बोलायला तयार केलेली वाक्यं होती, ती सगळी विसरले. एवढंच म्हणाले, "मी लिहायला नको होतं. चुकलं माझं."

ती पोळी लाटत राहिली. मग म्हणाली, "तू लिहिलंस ते खोटं नव्हतं. पण ते मी सांगायचं होतं ना गं. मी सांगणार होते. गेट-टुगेदरला आले असते तेव्हा तुम्हा चौघींना सांगणार होते."

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि ते कलेक्टरचं. ते बंद करा म्हणावं. मला तोंडावर मारल्यासारखं होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर तिने मला पोळपाट सरकवला. "रडायला आलीस की मदतीला?" मी दोन डझन पोळ्या लाटल्या. तिच्यासारख्या गोल झाल्या नाहीत, तिने त्यातल्या चार बाजूला काढून ठेवल्या आणि म्हणाली, "या घरच्यांना." निघताना मी पैशाचा विषय काढला, तर हात वर केला तिने. "ऑर्डर दे. भाव सगळ्यांना आहे तोच तुला. आणि ग्रुपवर टाकू नको."

तिने मला क्षमा केली का? विचारलं नाही मी. ते विचारणं म्हणजे पुन्हा माझ्या मनाच्या समाधानासाठी तिच्याकडून काहीतरी मागणं. ती ग्रुपवर परत आली नाही, येणारही नाही असं वाटतं. फोनवर मात्र आम्ही बोलतो. माझ्या सासूबाईंच्या अठ्ठाईच्या पारण्याचा सगळा स्वयंपाक तिच्याकडून आला. तिच्या भावाने.

हा लेख लिहायच्या आधी मी तिला विचारलं. नाहीतर मी पुन्हा तेच केलं असतं, फक्त मोठ्या मंदिराच्या पायरीवर उभी राहून. तिने वाचून घेतला, दोन ठिकाणी काट मारली, एक गोष्ट बदलायला लावली आणि म्हणाली, "नाव नसेल तर असू दे." काट मारलेलं काय होतं ते अर्थातच मी सांगणार नाही.

माझ्या ग्रुपवर मी आता थोडं वेगळं वागते, तुम्हाला पटलं तर बघा. कुणाची अडचण कळली तर आधी तिला फोन. "तुझ्याबद्दल असं कळलं, खरं आहे का, आणि हे कुणाला सांगितलेलं चालेल का?" एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. ती नको म्हणाली, तर माझ्यापाशी थांबलं. कुणी ग्रुपवर "खरं आहे का" असं विचारलं, तर मी लिहिते, "तिलाच विचार ना, ती आपल्यातच आहे." सुरुवातीला दोघा-तिघांना राग आला, आता सवय झाली. एखादीला मदत लागलीच, तर ज्या तिघी-चौघी प्रत्यक्ष उठून जाणार आहेत तेवढ्यांनाच कळवायचं. बाकीच्यांना कळून तिचा काय फायदा?

आणि अजून एक. आमच्या यंदाच्या स्नेहमेळाव्याची वेळ आम्ही मुलींनी बदलून घेतली. आधी रात्री आठचं जेवण ठरलं होतं. आम्हा जैन मुलींना ते चालणार नव्हतंच, पण बोलल्यावर कळलं की बाकीच्या मुलींनाही चालणार नव्हतं, रात्री एकटीने परत कसं जायचं म्हणून. मग सकाळी दहा ते चार ठरलं. मुलींच्या यादीत माहेरचं नाव आधी आणि सासरचं नंतर लिहिलं, सापडायला सोपं म्हणून. पाच जणी राहिल्यात, त्यांपैकी एकीचा पत्ता लागतोय असं दिसतंय. या वेळी तिची बातमी कुणी ग्रुपवर टाकायची नाही, आधी दोघींनी जाऊन भेटायचं आणि यायचंय का ते तिलाच विचारायचं, असं ठरलं आहे.

महिन्याभरावर दशलक्षण आलंय. पहिला दिवस उत्तम क्षमेचा आणि शेवटी क्षमावाणी, दहाही दिवस त्या दोघांच्या मध्ये येतात. यंदा चित्र पाठवू नका असं मी म्हणत नाही, पाठवा, सणाचा आनंद असतो तो. फक्त त्याआधी एकदा शांत बसून आठवा, की तुमच्या यादीतून कोण निघून गेलंय. शाळेतली, सासरची, भिशीतली, कुणीही. तिच्यापर्यंत तुमचं चित्र पोचणार नाही. तिच्याकडे जावं लागेल, आणि एसटीला गर्दी असते, तेव्हा सकाळची गाडी धरा.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.